रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये ठरलेल्या सुधारणा प्रत्यक्षात कशा उतरवाव्यात

रेट्रोस्पेक्टिव्हची, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून पाहण्याची, बैठक चांगली होते, सगळे मोकळेपणाने बोलतात, बोर्डावर चिठ्ठ्या लागतात, शेवटी पाच-सहा अ‍ॅक्शन आयटम लिहिले जातात आणि दोन आठवड्यांनी पुढच्या रेट्रोत जवळपास त्याच चिठ्ठ्या पुन्हा लागतात. अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि सतत सुधारणा करत, सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या बहुतेक टीमना हा अनुभव येतो. असे तीन-चार वेळा घडले की लोक रेट्रोत बोलणेच कमी करतात, कारण सांगून काही बदलत नाही हे त्यांना कळून चुकलेले असते. ठरलेली सुधारणा न झाल्याने होणारे नुकसान त्या एका सुधारणेपुरते राहत नाही; टीमचा पुढच्या प्रत्येक चर्चेवरचा विश्वास त्यामुळे कमी होतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी अजाइल जाहीरनामा तयार केला. त्याला जोडलेल्या १२ तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व असे सांगते, की टीमने ठरावीक काळाने आपले काम अधिक परिणामकारक कसे होईल याचा विचार करावा आणि त्यानुसार आपल्या वागण्यात बदल करावा. यातल्या विचार करण्याच्या भागाला बैठक, टूल आणि सूत्रसंचालक हे सगळे मिळते, पण बदल करण्याच्या भागासाठी कोणाच्याही कॅलेंडरमध्ये जागा नसते. ती जागा कशी करावी, हे पुढे सांगितले आहे.

निर्णयासाठी वेळ राखून ठेवावा

स्क्रम गाइडनुसार, म्हणजे स्क्रम या अजाइल पद्धतीच्या मार्गदर्शिकेनुसार, एका महिन्याच्या स्प्रिंटसाठी (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यासाठी) रेट्रोला जास्तीत जास्त तीन तास देता येतात. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटसाठी बहुतेक टीम तास ते दीड तास घेतात आणि त्यातला मोठा भाग काय घडले हे सांगण्यात जातो. शेवटची पाच मिनिटे उरतात, पुढच्या कॉलची सूचना स्क्रीनवर आलेली असते, आणि त्या घाईत सुचेल ते लिहिले जाते. तासाभराच्या बैठकीत किमान वीस मिनिटे निर्णयासाठी बाजूला काढावीत आणि चर्चा कितीही रंगली तरी त्यांना हात लावू नये. एखादा मुद्दा अर्धवट राहिला तर तो पुढच्या वेळी घेता येतो. घाईत घेतलेला निर्णय मात्र स्प्रिंटच्या दुसऱ्याच दिवशी विसरला जातो.

एका रेट्रोतून एकच सुधारणा घ्यावी, फार तर दोन. सहा कामे लिहिली तर सहाही होत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटते की आपले झाले नाही तरी बाकीची पाच होतील. मतदान करून सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निवडणे ठीक आहे, पण मतदानातून सर्वांत त्रासदायक प्रश्न वर येतो आणि तो टीमला सोडवता येण्याजोगा असतोच असे नाही. म्हणून मतदानानंतर वरच्या दोन-तीन मुद्द्यांबाबत आणखी एक प्रश्न विचारावा: येत्या स्प्रिंटमध्ये, कोणाचीही परवानगी न मागता, आपण यातले नेमके काय बदलू शकतो? या प्रश्नाचे उत्तर ज्या मुद्द्यावर सर्वांत लवकर सुचते, तो मुद्दा टीमच्या पहिल्या प्रयत्नांसाठी योग्य समजावा, मग त्याला मते थोडी कमी मिळालेली असली तरी चालेल.

काम कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखावे

बऱ्याच सुधारणा इथे अडखळतात, कारण तीन अगदी वेगळ्या प्रकारची कामे एकाच यादीत, एकाच भाषेत लिहिली जातात.

पहिला प्रकार एकदाच करून संपणाऱ्या कामाचा. चाचणीसाठी लागणारा डेटा तयार करणारी स्क्रिप्ट लिहिणे, अधूनमधून विनाकारण फेल होणाऱ्या चाचण्या शोधून दुरुस्त करणे, नव्या सदस्यासाठी सेटअपची पाने अद्ययावत करणे ही अशी कामे आहेत. त्यांचे टिकेट (बोर्डावरची कामाची नोंद) करता येते, अंदाज देता येतो आणि ती कधी संपली हे सांगता येते.

दुसरा प्रकार सवयीचा. रिव्ह्यू (एकमेकांच्या कोडची तपासणी) लवकर करणे, स्टँडअप (रोजची छोटी बैठक) पंधरा मिनिटांत संपवणे, रिफाइनमेंटला (पुढची कामे स्पष्ट करण्याच्या बैठकीला) येण्यापूर्वी स्टोरी (बनवायच्या गोष्टीचे छोटे वर्णन) वाचून येणे या गोष्टी कोणत्याही एका दिवशी पूर्ण होत नाहीत. त्यांचे टिकेट करून कोणाच्या तरी नावावर टाकले, तर ते स्प्रिंटभर बोर्डाच्या मधल्या, ‘काम चालू’च्या रकान्यात पडून राहते आणि शेवटच्या दिवशी कोणीतरी ते संकोचाने बंद करते. सवयीच्या बदलाला प्रयोगाचे रूप द्यावे लागते: किती दिवस करून पाहायचे, रोज नेमके काय करायचे, आणि फरक पडला की नाही हे कशावरून ठरवायचे. टीमच्या कामाच्या करारनाम्यात, म्हणजे वर्किंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये, ते तात्पुरते कलम म्हणून तारखेसह लिहावे.

तिसरा प्रकार टीमबाहेरच्या माणसांवर अवलंबून असलेल्या गोष्टींचा. स्टेजिंगचे, म्हणजे रिलीजआधी चाचणी करण्याचे, वातावरण दुसऱ्या टीमसोबत वाटून वापरावे लागते, क्लायंटकडून उत्तर यायला तीन दिवस लागतात, प्रॉडक्शनचे लॉग पाहण्याची परवानगी मिळत नाही. ‘स्टेजिंग स्वतंत्र मिळावे’ असे लिहिले तर ती केवळ इच्छा ठरते. इथे टीमच्या हातात फक्त मागणी करणे असते, म्हणून तेवढेच काम लिहावे: कोण, कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणती माहिती हाती घेऊन मागणी करणार, आणि त्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर आपण काय करणार. मागणीसोबत पुरावा असला की ती ऐकली जाते. ‘स्टेजिंगमुळे फार त्रास होतो’ यापेक्षा ‘गेल्या स्प्रिंटमध्ये चार दिवस स्टेजिंग दुसऱ्या टीमच्या रिलीजसाठी अडकले होते आणि आमच्या तीन स्टोरी त्यामुळे चाचणीविना राहिल्या’ हे वाक्य व्यवस्थापकाला पुढे नेता येते.

वाक्य कसे लिहावे: एक उदाहरण

पुण्यातील एखादी टीम डोळ्यांसमोर ठेवू. सहा डेव्हलपर, दोन टेस्टर, प्रॉडक्ट ओनर (आधी काय बनवायचे हे ठरवणारी व्यक्ती) अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आणि संध्याकाळी साडेसहापासून क्लायंटसोबतचे कॉल. रेट्रोत बहुतेकांनी एकच तक्रार केली, की पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल तपासून मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या, पडून राहतात. बोर्डावर अ‍ॅक्शन आयटम लिहिला गेला: ‘रिव्ह्यू वेळेवर करावेत. जबाबदारी: सर्व टीम.’

या वाक्यावर कोणाचाही आक्षेप असणार नाही आणि त्यामुळेच त्यातून काही घडणारही नाही. आधी टीमने मागच्या दहा पुल रिक्वेस्ट उघडून पाहाव्यात. गिटहब आणि गिटलॅब या दोन्हींवर पुल रिक्वेस्ट (गिटलॅबवर तिला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात) कधी उघडली आणि पहिली टिप्पणी कधी आली हे दिसते. समजा, त्यातून असे कळले की दुपारी चारनंतर उघडलेल्या पुल रिक्वेस्टना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी हात लावत नाही, कारण संध्याकाळ कॉलमध्ये जाते आणि सकाळी प्रत्येक जण आधी आपल्या अडलेल्या कामाकडे वळतो. शिवाय मोठ्या पुल रिक्वेस्ट सर्वांत जास्त रखडतात, कारण चारशे-पाचशे ओळी वाचायला सलग वेळ लागतो आणि तसा वेळ कोणालाच दिसत नाही. आता तेच वाक्य असे लिहिता येते:

‘येत्या स्प्रिंटमध्ये रोज सकाळी स्टँडअप संपला की ११ ते ११:३० या वेळेत सहाही डेव्हलपर स्वतःचे काम सुरू करण्यापूर्वी, आदल्या दिवसापासून उघडी असलेली किमान एक पुल रिक्वेस्ट तपासतील. २०० ओळींपेक्षा मोठा बदल असेल तर तो पाठवण्यापूर्वी तोडता येईल का, हे लेखक एका सहकाऱ्याला विचारेल. दर शुक्रवारी दुपारी १२ वाजता २४ तासांहून जुन्या, एकही टिप्पणी न आलेल्या पुल रिक्वेस्ट मोजल्या जातील. आज हा आकडा ७ आहे. स्प्रिंटच्या शेवटी तो २ किंवा त्याहून कमी असावा.’

यात वेळ आहे, प्रसंग आहे, कृती आहे आणि मोजमाप आहे. यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ‘स्टँडअप संपला की’ हा प्रसंग. नवी कृती रोजच्या ठरलेल्या घटनेला जोडली की ती आठवणीत ठेवण्याचे कष्ट पडत नाहीत. मानसशास्त्रात पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक घडले की मी तमुक करेन’ अशा स्वरूपाच्या संकल्पांचा अभ्यास केला आहे आणि नुसत्या इच्छेपेक्षा असे संकल्प अधिक पाळले जातात, असे त्यातून दिसले आहे. आकडाही मुद्दाम साधा ठेवला आहे. मोजायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर दुसऱ्या आठवड्यात कोणी मोजत नाही.

एक माणूस, आणि तो स्वतःहून पुढे आलेला

‘सर्व टीम’ ही जबाबदारी कोणाचीच नसते, म्हणून प्रत्येक सुधारणेपुढे एकच नाव लिहावे. त्या माणसाने सगळे काम एकट्याने करायचे नाही. काम हलत आहे का हे पाहायचे, अडले तर बोलायचे आणि पुढच्या रेट्रोत काय झाले ते सांगायचे. वरच्या उदाहरणात त्याने सहा जणांचे रिव्ह्यू करायचे नसून दर शुक्रवारी आकडा मोजून टीमच्या चॅनलवर टाकायचा आहे.

आपल्याकडच्या टीममध्ये इथे एक अडचण येते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. नुकताच रुजू झालेला डेव्हलपर लीडला ‘नाही, मला या स्प्रिंटमध्ये जमणार नाही’ असे सहसा म्हणत नाही. सर किंवा मॅडमनी नाव घेतले की तो मान डोलावतो, आणि बैठक संपल्यावर आपल्या स्टोरीच्या ओझ्याखाली ते काम मागे पडते. म्हणून नाव सुचवू नये, विचारावे. आणि कोणी पुढे आले नाही तर थोडा वेळ शांतता राहू द्यावी. त्यानंतरही कोणी तयार होत नसेल, तर ती सुधारणा टीमला खरोखर नको आहे असे समजून दुसरी निवडावी. लीडने अधूनमधून एखादी सुधारणा स्वतःच्या नावावर घ्यावी आणि ती सर्वांना दिसेल अशा रीतीने पूर्ण करावी, कारण ज्येष्ठ माणूस या कामाला किती मान देतो हे पाहूनच बाकीचे आपला मान ठरवतात. नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाच्या रजा पाहाव्यात. गणपतीला कोकणात गावी जाणाऱ्याच्या नावावर त्याच आठवड्यातले काम टाकण्यात अर्थ नसतो.

स्प्रिंटमध्ये जागा करावी

ठरलेली सुधारणा मिरो किंवा कॉन्फ्लुएन्ससारख्या टूलच्या पानावर राहिली, तर ते पान पुढच्या रेट्रोपर्यंत कोणी उघडत नाही. बैठक संपण्यापूर्वीच, सगळे कॉलवर असताना, तिचे टिकेट जिरामध्ये किंवा टीम जे वापरते त्यात तयार करावे आणि ते स्टोरींसोबत त्याच बोर्डावर ठेवावे. सुधारणांसाठी वेगळा बोर्ड करू नये. रोज सकाळी टीम ज्या बोर्डाकडे पाहते, त्यावर जे नाही ते त्या दिवशी होत नाही.

स्क्रम गाइडच्या २०१७ च्या आवृत्तीत मागच्या रेट्रोमध्ये ठरलेली किमान एक महत्त्वाची सुधारणा स्प्रिंट बॅकलॉगमध्ये, म्हणजे त्या स्प्रिंटच्या कामांच्या यादीत, असलीच पाहिजे, असे म्हटले होते. नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत ती सक्ती राहिली नाही. सर्वांत परिणामकारक सुधारणा शक्य तितक्या लवकर हाती घ्याव्यात आणि त्या पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये घेताही येतील, असे आता त्यात आहे. ज्या टीमच्या सुधारणा वारंवार मागे पडतात, त्यांनी २०१७ चा नियम स्वतःपुरता पुन्हा लागू करावा, असे माझे ठाम मत आहे. सवय लागलेल्या टीमला मोकळीक पुरते, पण सुरुवातीला नियमाचा आधार लागतो.

जागा करायची म्हणजे दुसरे काहीतरी बाहेर ठेवायचे, आणि त्यासाठी प्रॉडक्ट ओनरशी बोलावे लागते. ते बोलणे प्लॅनिंगमध्ये, टिकेट आणि अंदाज समोर ठेवून करावे. समजा, बिल्डला (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार व्हायला) २५ मिनिटे लागतात आणि सहा डेव्हलपर प्रत्येकी दिवसातून चार वेळा बिल्ड चालवतात, तर टीम रोज ६०० मिनिटे, म्हणजे १० तास बिल्डची वाट पाहण्यात घालवते. त्या वेळात लोक दुसरे काही काम करत असतील हे खरे, पण त्यातला निम्मा वेळ जरी वाया जात असेल, तरी दोन दिवसांचे काम करून बिल्ड दहा मिनिटांवर आणणे परवडते, हे कोणत्याही प्रॉडक्ट ओनरला पटवता येते. आकडे टीमने स्वतः मोजलेले असावेत. अंदाजाने फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की पुढची मागणी ऐकली जात नाही.

सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये याला आणखी एक पदर असतो. तिथे प्रत्येक तास टाइमशीटमध्ये क्लायंटच्या कोणत्या ना कोणत्या कोडवर भरावा लागतो, आणि ‘प्रोसेसची सुधारणा’ असा कोड बहुधा नसतो. अशा वेळी सुधारणेचे तास एखाद्या स्टोरीत गुपचूप मिसळण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्या स्टोरीचा अंदाज चुकीचा दिसू लागतो, आणि क्लायंटला कळले तर विश्वास जातो. त्याऐवजी प्रकल्प व्यवस्थापकाच्या मदतीने क्लायंटशी उघडपणे बोलावे आणि दर स्प्रिंटमध्ये ठरावीक तास, सुरुवातीला अगदी पाच-सहासुद्धा, या कामासाठी मान्य करून घ्यावेत. पहिल्या दोन-तीन सुधारणांचा परिणाम क्लायंटला स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवला, की ते तास टिकतात.

स्प्रिंट चालू असताना

एकदाच करायचे काम पहिल्या तीन-चार दिवसांत करावे. स्प्रिंटच्या शेवटी अर्धवट स्टोरी आणि चाचणीत सापडलेले दोष यांची गर्दी असते. त्या गर्दीत सुधारणेचे काम सर्वांत आधी बाजूला पडते.

स्टँडअपमध्ये बोर्ड उजवीकडून डावीकडे पाहत जाण्याची पद्धत असेल, तर सुधारणेचे टिकेटही त्या ओघात आपोआप येते. तशी पद्धत नसेल तर स्क्रम मास्टरने (टीमला ही पद्धत पाळायला मदत करणाऱ्याने) आठवड्यातून दोनदा तरी त्याबद्दल विचारावे. विचारताना ‘झाले का?’ असे न विचारता ‘यात काही अडते आहे का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला लोक बचावाचे उत्तर देतात आणि दुसऱ्याला खरी अडचण सांगतात. सवयीचा प्रयोग पहिल्या आठवड्यातच जमत नसेल, तर रेट्रोची वाट न पाहता तो बदलावा. रिव्ह्यूसाठी ठरलेल्या अर्ध्या तासावर एखादा नवा कॉल येऊन बसला, तर त्याच दिवशी ती वेळ हलवावी. नाही तर कृती बंद पडते आणि ती बंद पडल्याचे कोणी बोलूनही दाखवत नाही.

पुढच्या रेट्रोची पहिली दहा मिनिटे

नव्या चिठ्ठ्या लावण्यापूर्वी मागची सुधारणा बोर्डावर आणावी. ज्याचे नाव तिच्यापुढे आहे त्याने काय झाले ते थोडक्यात सांगावे आणि ठरलेला आकडा दाखवावा. हा भाग कधीही वगळू नये, वेळ कमी असेल तर बाकीचे कमी करावे.

काम झाले आणि फरकही पडला, तर तसे स्पष्ट म्हणावे आणि ज्यांनी ते केले त्यांचे नाव घ्यावे. काम झाले पण फरक पडला नाही, तर ते अपयश मानू नये, कारण आपला अंदाज चुकीचा होता हे आता कळले आहे. रिव्ह्यूचा अर्धा तास पाळूनही आकडा ७ वरून ६ वरच आला असेल, तर कदाचित अडचण वेळेची नसून एकाच मॉड्यूलची माहिती फक्त दोघांनाच असण्याची आहे, आणि पुढची सुधारणा तिथे शोधावी. गुणवत्ता व्यवस्थापनाचे तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग योजना आणि कृतीनंतरच्या पायरीला ‘तपासणी’ऐवजी ‘अभ्यास’ म्हणण्याचा आग्रह धरत. ठरल्याप्रमाणे झाले की नाही एवढे पाहून थांबायचे नसते, त्यातून काय कळले हेही विचारायचे असते.

काम झालेच नाही, तर ते आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलू नये. का झाले नाही याचे कारण विचारावे, आणि उत्तरात माणसाचे नाव आले तर प्रश्न पुन्हा विचारावा. काम फार मोठे होते, वेळच ठेवला नव्हता, ज्याच्यावर अवलंबून होते त्याचे उत्तर आले नाही किंवा मुळात त्याची कोणाला निकड नव्हती, अशी कारणे बहुधा निघतात. मोठे असेल तर त्याचा एका दिवसात होणारा तुकडा घ्यावा. निकड नसेल तर ते सर्वांसमोर रद्द करावे. दोनदा राहिलेले काम त्याच शब्दांत तिसऱ्यांदा घेऊ नये, आणि गेल्या सहा महिन्यांची पंधरा-वीस बाकी कामांची यादी असेल तर ती एका बैठकीत वाचून, आजही हवे असलेले एक निवडून, उरलेली बंद करावी. बंद केलेला प्रश्न खरा असेल तर तो स्वतःहून पुन्हा वर येतो.

टिकलेली सवय पक्की करावी

दोन-तीन स्प्रिंट चाललेली सवय करारनाम्यात तात्पुरत्या कलमाऐवजी कायमचे कलम म्हणून लिहावी, आणि जे यंत्रावर सोपवता येईल ते सोपवावे. पुल रिक्वेस्ट दोघांनी तपासल्याशिवाय मुख्य शाखेत जाऊ नये, हे रेपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये लावता येते. २४ तासांहून जुन्या पुल रिक्वेस्टची आठवण टीमच्या चॅनलवर सकाळी आपोआप येऊ शकते. चाचणीच्या डेटाची अट डेफिनिशन ऑफ डनमध्ये, म्हणजे काम पूर्ण कधी मानायचे याच्या निकषांत, घालता येते. माणसाला रोज आठवावे लागणारे नियम जितके कमी, तितकी पुढच्या सुधारणेसाठी जागा जास्त.

टीमबाहेरच्या मागण्यांची नोंद मात्र वेगळी ठेवावी: कोणती मागणी, कोणत्या तारखेला, कोणाकडे केली आणि काय उत्तर आले. हीच मागणी शेजारच्या टीमचीही असेल, तर दोन्ही नोंदी एकत्र करून व्यवस्थापनापुढे न्याव्यात.

करारनामाही वाढत राहतो, म्हणून दर तीन महिन्यांनी तो एकदा मोठ्याने वाचावा. ज्या कलमाचे कारण टीममधल्या कोणालाच सांगता येत नाही, ते त्याच बैठकीत काढून टाकावे.